ब्रेक का ओरडतो? एका किंचाळीचा इतिहास

तुमच्या सायकलचा ब्रेक ओरडतो का? सिग्नलला थांबताना पुढचा रिक्षावाला वळून बघतो, फुटपाथवरचं कुत्रं कान टवकारतं आणि तुम्ही उगाचच घंटी नीट करत असल्याचं दाखवता? मग आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

या ब्लॉगवर नवीन असाल तर थोडक्यात सांगते. मी तंत्रज्ञानाच्या इतिहासात पीएचडी करते आहे. ‘अमुक यंत्राचा शोध कुणी लावला’ यापेक्षा ‘ते यंत्र लोकांनी वापरलं कसं, बिघडल्यावर दुरुस्त कसं केलं’ हा माझा प्रश्न. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) हे पुस्तक याच वाटेवरचं. त्यांचं म्हणणं असं की शोधांच्या तारखा पाठ करून तंत्रज्ञानाचा इतिहास कळत नाही. वापर आणि देखभाल बघितली तर कळतो. सायकलच्या ब्रेकला हे अगदी तंतोतंत लागू पडतं.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ब्रेकचा आवाज घालवणं आणि ब्रेक दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. इतिहासात या दोन्हींची गल्लत झाली तेव्हा त्याची किंमत कुणीतरी मोजली आहे, आणि तीही नेहमी ब्रेक वापरणाऱ्यानेच मोजली असं नाही.

आवाज येतो कुठून?

शाळेतला फळा आठवा. खडू एका विशिष्ट कोनात धरला की अंगावर काटा आणणारी किंचाळी निघते. तोच खडू मोडून लहान केला, किंवा थोडा तिरपा करून ओढत नेला, की आवाज बंद. खडू तोच, फळा तोच, बदलला फक्त कोन आणि लांबी. ब्रेकच्या आवाजाचं अर्धं शास्त्र इथेच आहे.

घर्षणाचे ढोबळ नियम फ्रान्समध्ये गिओम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडले आणि शार्ल कुलाँ यांनी १७८० च्या दशकात त्यांना प्रयोगांची भक्कम जोड दिली. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच: एखादी वस्तू जागची हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा ती सरकती ठेवायला बहुधा कमी लागतो. जड कपाट सरकवून बघितलंत तर पहिला धक्का सगळ्यात अवघड असतो, ते यामुळेच.

आता या कपाटाला दोरीऐवजी स्प्रिंग बांधून ओढा. आधी स्प्रिंग ताणली जाईल, कपाट हलणार नाही. मग ते एकदम सुटेल, पुढे घसरेल, स्प्रिंग सैल पडेल, आणि कपाट पुन्हा चिकटेल. चिकट-सुट, चिकट-सुट. व्हायोलिनची तार आणि गज यांच्यात हेच होतं, दाराच्या बिजागरीत हेच होतं. केंब्रिजमध्ये फ्रँक फिलिप बोडेन आणि एल. लेबेन यांनी १९३९ मध्ये धातूच्या पृष्ठभागांवर ही चिकट-सुट मोजून दाखवली. सायकलच्या ब्रेकमध्ये कपाट म्हणजे रबर, आणि स्प्रिंग म्हणजे ब्रेकचा हात, फोर्क, फ्रेमच्या नळ्या, म्हणजे थोडंफार वाकू शकेल असं सगळंच. हे सेकंदाला हजारो वेळा झालं की आपल्याला किंचाळी ऐकू येते. त्यात आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट. म्हणजे आवाज जिथे टोचावा नेमका तिथेच आपण हळवे.

पण नुसत्या चिकट-सुटीने गोष्ट पूर्ण होत नाही. मोटारींच्या ब्रेकवर काम करणारे एच. आर. मिल्स यांनी १९३८ मध्ये याच वाटेने उत्तर शोधायचा प्रयत्न केला, तरी सगळ्या ब्रेकांना लागू पडेल असा एक नियम काही हाती आला नाही. मग १९६१ मध्ये आर. टी. स्पर यांनी आकाराकडे बोट दाखवलं. ब्रेकचा ठोकळा एखाद्या टेकूसारखा चाकाच्या गतीविरुद्ध रोवला जात असेल तर घर्षणच त्याला आणखी आत दाबतं. तो घट्ट रुततो, त्याचा आधार वाकतो, मग तो सुटतो आणि पुन्हा रुततो. घर्षणाचा आकडा अजिबात न बदलतासुद्धा हा थरकाप सुरू होऊ शकतो. फळ्यावरचा खडू आठवला ना? तो रोवून पुढे ढकलला तर ओरडतो, मागे कलवून ओढला तर गप्प.

हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी एका पोस्टकार्डाच्या तुकड्याने आपण हाच सिद्धांत वापरणार आहोत.

सायकलच्या ब्रेकची वंशावळ

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या पॅडलच्या सायकली निघाल्या. त्यांचा ब्रेक गमतीशीर होता: हँडलची दांडी पिळायची, दोरी ताणली जायची आणि मागच्या चाकावर एक चमच्यासारखा तुकडा दाबला जायचा. उंच चाकाच्या सायकलींवर हा चमचा पुढच्या चाकावर आला. तो जोरात दाबला की स्वार थेट हँडलवरून पुढे. त्यामुळे त्या काळात ब्रेक कमी लागण्यापेक्षा जास्त लागण्याची भीती मोठी होती.

मग दोन गोष्टी झाल्या. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. सारख्या उंचीची दोन चाकं आणि मागे साखळी, म्हणजे आजची सायकल. आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हवेच्या टायरवर चमचा घासायचा म्हणजे महागाचं रबर रोज झिजवायचं. ब्रेक टायरवरून रिमवर सरकला त्याला हे एक मोठं कारण.

रिमपर्यंत हाताचा जोर पोचवायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे लोखंडी सळ्या, आपल्याकडचा रॉड ब्रेक. दुसरा म्हणजे नळीतून जाणारी तार. तिचं ब्रिटिश पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांच्या नावावर, १८९६ चं. (वरचे केंब्रिजचे बोडेन वेगळे. नावांचा हा घोळ मला संदर्भ शोधताना कायम छळतो.)

रॉड ब्रेक आपल्याकडे का टिकला याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. त्याची रबरं रिमच्या बाजूंना चिमटा घेत नाहीत. ती रिमच्या आतल्या तोंडावर, स्पोकच्या बाजूने, वर खेचली जातात. त्यामुळे चाक थोडं ‘आऊट’ असलं, म्हणजे डावी-उजवीकडे डुलत असलं, तरी ब्रेक लागतो. खड्ड्यांचा रस्ता, मागे कॅरियरवर दुधाचे कॅन किंवा डबलसीट, अशा वापरात हा गुण सोन्यासारखा. गंजून तुटायला तार नाही, आणि पान्ना असेल तर कुठेही दुरुस्ती. आवाजाच्या बाबतीत मात्र तो कधीच सभ्य नव्हता. सांधे सैल झाले की सायकल येण्याआधी तिची खडखड यायची. इंग्लंडमधल्या रॅले वगैरे कंपन्यांचा हा नमुना पुढे आसनसोल, सोनिपत, लुधियाना, मद्रास इथल्या कारखान्यांतून भारतभर पसरला. पुण्यात असाल तर कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जाऊन जुन्या सायकलींच्या फक्त ब्रेककडे बघत फिरा. तास कसा जातो कळत नाही.

या सायकलींचा खरा दोष मात्र बिनआवाजाचा होता. क्रोम चढवलेली पोलादी रिम कोरडी असताना ठीक. पावसात तिच्यावर रबर नुसतं घसरतं. विट आणि विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ (१९७४) या पुस्तकामुळे याचा आकडा सायकलप्रेमींपर्यंत पोचला: भिजल्यावर पकड कोरड्याच्या सुमारे एक दशांश होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर याचा अर्थ काय, हे उतारावर ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही तेव्हा कळतं. किंचाळी नाही, खरखर नाही, काहीच नाही. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आल्या आणि पावसातली पकड बरीच सुधारली. पकड वाढली तशी किंचाळीही ऐकू येऊ लागली, कारण चिकटल्याशिवाय सुटणं नाही. १९९६ मध्ये शिमानोने व्ही-ब्रेक आणला. त्याचे लांब हात जबरदस्त जोर लावतात. पण सुरुवातीच्या महागड्या नमुन्यांत रबर सरळ रेषेत आत यावं म्हणून जोडलेले जादा सांधे झिजून सैल पडत आणि ते ब्रेक आवाजासाठी बदनाम झाले. सुधारणेसाठी घातलेला सांधाच आवाजाचं घर झाला.

शांततेची किंमत

आता थोडा वेळ सायकल सोडून मोटारीकडे जाऊ, कारण आज सायकलवर आलेल्या डिस्क ब्रेकची मुळं तिथे आहेत.

१९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मोटारीसाठी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी पकडणारे तांब्याचे तुकडे. कल्पना उत्तम, आवाज असह्य. धातूवर धातू घासून अशी किरकिर निघायची की गाडीत बसवेना. यावर तोडगा काढला तो हर्बर्ट फ्रूड यांनी. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावरच्या घोडागाड्या थांबवायला बरं साधन हवं म्हणून १८९७ पासून ते ब्रेकचं अस्तर बनवायच्या खटपटीत होते. स्वतःच्या नावातली अक्षरं उलटीपालटी करून, एक जादा घालून, त्यांनी कंपनीला नाव दिलं ‘फेरोडो’. १९०७ च्या सुमारास त्यांनी लँचेस्टरच्या ब्रेकला अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावलं. ब्रेक गप्प झाला, आणि अस्तर हजारो मैल टिकायलाही लागलं.

तंत्रज्ञानाच्या बऱ्याच पुस्तकांत ही गोष्ट इथे आनंदाने संपते. पण अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा कुणीतरी काततही होतं. रॉचडेलमधल्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात हेच काम करणाऱ्या नेली केर्शॉ १९२४ मध्ये वारल्या. वय ३३. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण दाखवले आणि त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच दशकात फेरोडोही टर्नरच्या उद्योगसमूहात गेली. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या धुळीसाठी ब्रिटनमध्ये नियम आले १९३१ मध्ये, आणि उरलेल्या वापरावर बंदी यायला १९९९ साल उजाडलं.

फ्रूड यांना दोषी ठरवायला मी हे सांगत नाहीये. १९०७ मध्ये त्यांच्यासमोरचा प्रश्न आवाजाचा आणि टिकाऊपणाचा होता. पण गाडीतल्या माणसाचा त्रास संपला म्हणजे त्रास संपला असं होत नाही, तो कधीकधी फक्त जागा बदलतो. पेटंटमध्ये ही जागा दिसत नाही. ती मृत्यूच्या चौकशीच्या कागदांत दिसते. म्हणून आम्हा लोकांना दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवून वाचावे लागतात.

लँचेस्टर आणि फ्रूड यांचा पेच आजही तुमच्या सायकलच्या दुकानात, छोट्या प्रमाणात का होईना, चालू आहे. डिस्क ब्रेकचे पॅड घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, मेटल का रेझिन? मेटल जास्त टिकतं, पावसा-चिखलात दमदार, पण ओरडतं. रेझिन शांत, पण लवकर झिजतं. (अ‍ॅस्बेस्टॉस यात नाही, काळजी नसावी.)

आता निदान

१८१६ मध्ये फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवली आणि स्टेथोस्कोपची सुरुवात झाली. त्यांनी खोकला थांबवला नाही, आधी ऐकलं. आपणही तसंच करू. ब्रेक ओरडला की तीन प्रश्न.

पहिला: आवाज कधी येतो? ब्रेक न दाबताही घासल्याचा आवाज येत असेल तर रबर रिमला टेकलं आहे. चाक नीट बसलंय का, ब्रेक मध्यावर आहे का, रिम आऊट आहे का, ते बघा. चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदाच आवाज येत असेल तर रिमचा सांधा, पोचा किंवा वाकलेली डिस्क. फक्त पावसात, पहिल्या एक-दोन वेळा दाबताना ओरडून मग गप्प होत असेल तर सोडून द्या. तो पाणी पुसतोय.

दुसरा: आवाज कसा आहे? ‘खरखर’ म्हणजे रबरात वाळू किंवा धातूचे कण रुतलेत. रबर काढा, सुईने कण उचकटा, नाहीतर ते रिम खात बसतील. कर्कश धातूवर धातू घासल्याचा आवाज म्हणजे रबर संपलं आणि आतलं लोखंड रिमला लागलं. तिथेच उतरा, सायकल हातात धरून दुकान गाठा. ‘थरथर’, म्हणजे ब्रेक लावताच पुढचा फोर्क हादरणं, हे बऱ्याचदा हँडलच्या सांध्यातल्या खेळामुळे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. खटखट जाणवली तर तो सांधा आधी आवळा. आणि उरली ती बारीक, लांबलचक किंचाळी, जिच्यासाठी तुम्ही इथपर्यंत वाचत आलात.

तिसरा: किंचाळत असताना ब्रेक लागतो का? लागत असेल तर जीव धोक्यात नाही, सवडीने दुरुस्त करा. लागत नसेल तर आवाज असो वा नसो, सायकल चालवू नका.

किंचाळीवरचा उपाय याच क्रमाने करा. आधी सफाई: रिम साबणाच्या पाण्याने धुवून कोरडी करा, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसा. रबराची चकचकीत झालेली पाठ पॉलिश पेपरने हलकी घासा. मग आवळणं: रबराचा नट, ब्रेकचा मुख्य बोल्ट, हातांचे सांधे. सैल सांधा म्हणजे वर सांगितलेल्या कपाटाची स्प्रिंग. ती जितकी ताठ तितका थरकाप कमी. बहुतेक किंचाळ्या इथेच संपतात.

तरीही ओरडत असेल तर कोन. रबराची सायकलच्या पुढच्या बाजूची कड रिमला किंचित आधी टेकली पाहिजे. रबराचा नट सैल करा, रबर आणि रिम यांच्यामध्ये मागच्या टोकाला पोस्टकार्डाचा तुकडा धरा, ब्रेक दाबून ठेवा, नट आवळा, तुकडा काढा. झालं. ब्रेकपाशी रिम मागून पुढे सरकते. मागची कड थोडी उघडी राहिली की रिम तिच्यावर अडखळत नाही आणि रबर रुतत नाही. ढकललेल्या खडूचा ओढलेला खडू झाला. स्पर यांनी १९६१ मध्ये मांडलेला मुद्दा फुटपाथवरचा सायकलवाला अशा तुकड्याने रोज वापरतो. अर्थात रबर झिजेल तसा हा कोनही झिजतो आणि काही महिन्यांनी किंचाळी परत येते. देखभाल म्हणतात ती हीच.

डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला बोट लावू नका, बोटांचं तेलही पुरतं. डिस्क स्पिरिटने पुसा, कॅलिपरचे बोल्ट तपासा. पॅड नवे असतील तर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावून ते बसवून घ्या. तेल प्यालेलं पॅड क्वचितच सुधारतं; बदललेलं बरं.

आणि जे कधीच करू नये ते: रिमवर किंवा डिस्कवर तेल सोडणं. आवाज लगेच बंद होतो, अगदी हमखास. कारण तेलाने चिकटणंच संपतं, आणि चिकटण्यावरच तर ब्रेक चालतो. ही शांतता तुम्हाला पुढच्या चौकात कळेल.

ऐकायचं कुणी?

जर्मनीतल्या मोटारींचा अभ्यास करणाऱ्या स्टेफान क्रेब्स यांनी एक छान गोष्ट दाखवली आहे. सुरुवातीच्या काळात मोटार चालवणाऱ्यानेच इंजिनाचे आवाज ओळखावेत अशी अपेक्षा असे. पुढे १९३० च्या दशकात मेकॅनिकांच्या व्यवसायाने, निदान करणारा कान हा आमचा, असं म्हणायला सुरुवात केली. मालकाचं काम गाडी आणून देणं एवढंच उरलं.

सायकलच्या बाबतीत हे पूर्णपणे कधी झालं नाही. तिची यंत्रणा उघडी आहे. बघता येते, ऐकता येते, दहा नंबरच्या पान्न्याने आणि पाच नंबरच्या अ‍ॅलन कीने बहुतेक सगळं सुटतं. दुकानदाराकडे जरूर जा, पण ‘ब्रेक वाजतोय’ एवढंच सांगू नका. ‘पुढचा वाजतो, थांबता थांबता वाजतो, कोरड्यातच वाजतो’ असं सांगा. तो वर बघेल, आणि पुढचं बोलणं वेगळं होईल.

पुढच्या लेखात बोडेन यांच्या तारेची गोष्ट. तोवर एक काम करा: आज सायकल उभी केल्यावर चाक उचलून हाताने फिरवा, आणि अर्धा मिनिट नुसतं ऐका.